मोझली रोडचा तलाव: बंद करण्याचा निर्णय नेमका कधी झाला?

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराच्या दक्षिणेला बॉलसल हीथ नावाची वस्ती आहे. तिथल्या मोझली रोडवर लाल विटांच्या आणि टेराकोटाच्या दोन इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. एक वाचनालय, १८९५ सालचं. दुसरी सार्वजनिक स्नानगृहं आणि पोहण्याचा तलाव, १९०७ सालची. दोन्ही एकाच पालिकेने बांधल्या, एकाच वचनापोटी बांधल्या, आणि शंभर वर्षं त्याच वस्तीतली माणसं दोन्हींत जात-येत राहिली. कायद्याने मात्र या दोघींत फरक केला. वाचनालयाची सेवा देणं पालिकेवर बंधनकारक आहे. तलाव चालवायचा की नाही, हे तिने आपलं आपण ठरवायचं आहे.

या एका फरकाने पुढच्या कित्येक वर्षांचा वाद कसा घडवला, हे या प्रकरणात पाहायचं आहे. सार्वजनिक सोयी बंद होतात तेव्हा आपण सभागृहातलं मतदान पाहतो, कोण बाजूने बोललं, कोण विरोधात, हे मोजतो. मोझली रोडची हकिगत वाचताना मला सारखं जाणवत राहिलं की सभागृहापर्यंत विषय आला तोवर निर्णय बराचसा होऊन गेलेला होता.

वचन

१८९१ पर्यंत बॉलसल हीथ बर्मिंगहॅमचा भाग नव्हता, तो वूस्टरशर परगण्यात मोडत होता. शहर वाढत होतं, आजूबाजूच्या वस्त्या पोटात घेत होतं. सामील व्हायचं तर आम्हाला काय मिळणार, हा प्रश्न तिथल्या लोकांनी विचारला, आणि उत्तरादाखल शहराने दोन गोष्टी कबूल केल्या: एक वाचनालय आणि एक सार्वजनिक स्नानगृह. वाचनालय चार वर्षांत उभं राहिलं. स्नानगृहाला सोळा वर्षं लागली. वचन पाळायलाही पालिकेला किती दमाने घेता येतं, ते इथूनच दिसायला लागतं.

स्नानगृहाचं महत्त्व आज पटकन लक्षात येत नाही. त्या काळी कामगारांच्या बहुतेक घरांत न्हाणीघर नव्हतं. लोक पैसे देऊन सार्वजनिक इमारतीत जात, एका खोलीत टब भरून गरम पाणी मिळे, ठरावीक वेळात अंघोळ उरकायची. मोझली रोडला अशा ४६ खोल्या होत्या. शिवाय दोन तलाव. मोठ्या तलावाभोवती प्रेक्षकांसाठी सज्जा होता, तिथे पोहण्याच्या शर्यती भरत. दर्शनी भिंतीत तीन दरवाजे: पुरुष पहिला वर्ग, पुरुष दुसरा वर्ग आणि स्त्रिया. त्या काळची उतरंड दगडात कोरून ठेवलेली आहे. ती काही अभिमानाने सांगावी अशी नाही, पण त्याच भिंतीच्या आत दुसऱ्या वर्गाच्या माणसालाही गरम पाणी मिळत होतं, हेही तितकंच खरं. अंघोळीच्या त्या खोल्या २००४ पर्यंत वापरात होत्या. एकविसावं शतक उजाडल्यावरही कुणीतरी तिथे अंघोळीला येत होतं, यावरून त्या सोयीची गरज किती खोल होती ते कळावं.

ब्रिटनमध्ये सार्वजनिक स्नानगृहांचा कायदा १८४६ साली आला. कॉलऱ्याच्या आणि तापाच्या साथींनी शहरं हैराण झालेली होती, गरिबांना अंगाला आणि कपड्यांना पाणी मिळालं पाहिजे, हे पटायला लागलं होतं. पण त्या कायद्याने पालिकांवर सक्ती केली नाही, मुभा दिली. ज्या गावाला हवं त्याने कायदा लागू करून घ्यावा, कर्ज काढावं, बांधावं. बर्मिंगहॅमने ते केलं. केंट स्ट्रीटवरचं शहराचं पहिलं स्नानगृह १८५१ मध्ये उघडलं.

ही ‘मुभा’ पुढे कधी सुटलीच नाही. आज इंग्लंडमधल्या पालिका तलाव, व्यायामशाळा, क्रीडा संकुलं चालवतात ती १९७६ च्या एका कायद्यातल्या १९ व्या कलमाखाली. त्या कलमाचा सारा भर ‘पालिकेला करता येईल’ या शब्दांवर आहे. वाचनालयांच्या १९६४ च्या कायद्यात मात्र पालिकेचं कर्तव्य लिहिलेलं आहे: ‘व्यापक आणि कार्यक्षम’ सेवा दिलीच पाहिजे. आपल्याकडच्या महानगरपालिका कायद्यातही कर्तव्यांच्या बंधनकारक आणि ऐच्छिक अशा दोन याद्या आहेत, तेव्हा ही विभागणी आपल्याला नवी नाही. पैसा भरपूर असतो तेव्हा या दोन याद्यांतला फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. पैसा आटला की पहिली कात्री दुसऱ्या यादीला लागते.

कुलूप

२००३ मध्ये मोठा तलाव बंद झाला. बांधकाम सुरक्षित राहिलेलं नव्हतं. लहान तलाव चालू राहिला. पुढच्या वर्षी अंघोळीच्या खोल्याही बंद झाल्या.

या प्रकरणातला निर्णायक क्षण कोणता असं कुणी मला विचारलं तर मी हा सांगेन, आणि खरं तर याच्याही आधीची वीस-पंचवीस वर्षं. तलाव ही विचित्र वास्तू आहे. दिवसरात्र, वर्षभर, कोमट आणि दमट हवा आतून भिंतींना आणि छताला लागत असते. क्लोरीनची वाफ लोखंडाला खाते. एका हिवाळ्यात छताची गळती काढली नाही तर तुळईचा गंज वाढतो, तुळई गंजली की काचा धोक्यात येतात, काचा धोक्यात आल्या की खाली माणसं पोहू शकत नाहीत. वाचनालयाचं छत गळलं तर बादल्या ठेवून, कपाटं सरकवून आठवडा काढता येतो. तलावात तसं चालत नाही. शिवाय पाणी गरम ठेवणं एक दिवसही थांबवता येत नाही, तिकीटं दहा विकली गेली काय आणि दोनशे काय. जीवरक्षकही तेवढेच लागतात.

पालिकेच्या अंदाजपत्रकात या सगळ्याला एक छोटासा रकाना असतो, देखभाल-दुरुस्तीचा. त्या रकान्याचा दोष असा की त्यातली रक्कम कमी केली तर त्या वर्षी काहीच बिघडत नाही. तलाव चालू असतो, बोर्ड लागलेला असतो, मुलं पोहत असतात. नगरसेवकांना त्यावर मतदान केल्याचं आठवणारही नाही, कारण ‘मोझली रोडचं छत यंदा दुरुस्त करायचं नाही’ असा ठराव कुणी मांडलेलाच नसतो. एका मोठ्या आकड्यात तो विरघळून गेलेला असतो. दहा-पंधरा वर्षांनी अभियंता येतो आणि सांगतो की आता सुरक्षित नाही. तेव्हा प्रश्न असा समोर येतो: इतका मोठा खर्च एकदम करायचा की बंद करायचं? या टप्प्यावर बंद करणं हाच शहाणपणा दिसतो. त्या क्षणापुरता तो असतोही.

यात पक्षाचा काही संबंध नाही, हे नोंदवून ठेवतो. २००३ मध्ये शहरात मजूर पक्षाची सत्ता होती. २००४ ते २०१२ हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट यांची आघाडी होती. २०१२ नंतर पुन्हा मजूर पक्ष आला. मोठा तलाव या सगळ्या काळात कोरडाच राहिला.

२००६ मध्ये वापरणाऱ्यांनी आणि आसपासच्या लोकांनी एकत्र येऊन ‘फ्रेंड्स ऑफ मोझली रोड बाथ्स’ हा गट काढला. सुरुवातीची त्यांची कामं साधी होती: लोकांना इमारत दाखवायची, जुन्या पोहणाऱ्यांच्या आठवणी गोळा करायच्या, सभांना हजर राहायचं. वारसा म्हणून इमारतीला ‘दुसरी श्रेणी, तारांकित’ असा उच्च दर्जा होता. ऐकायला हे मोठं संरक्षण वाटतं. प्रत्यक्षात असा दर्जा इमारत पाडू देत नाही, मनाला येईल तसे बदल करू देत नाही. आत पाणी असलं पाहिजे, माणसं पोहली पाहिजेत, हे तो कुणालाही सांगू शकत नाही.

मँचेस्टरची व्हिक्टोरिया बाथ्स ही त्याची साक्ष. १९०६ ची देखणी वास्तू, पालिकेने १९९३ मध्ये बंद केली. २००३ मध्ये बीबीसीच्या ‘रिस्टोरेशन’ या कार्यक्रमात प्रेक्षकांनी तिला पहिला क्रमांक दिला, दुरुस्तीसाठी मोठा निधी मिळाला, रंगीत काचा आणि फरशा पुन्हा झळकल्या. आज तिथे लोक इमारत बघायला येतात, समारंभ होतात. शेजारच्या गल्लीतल्या पोराने संध्याकाळी टॉवेल घेऊन जावं, असा रोजचा तलाव मात्र परत आला नाही. वास्तू वाचणं आणि सेवा वाचणं या दोन वेगळ्या लढाया आहेत. बॉलसल हीथच्या लोकांना दुसरी लढायची होती, आणि ती जास्त अवघड आहे.

बंद करण्याच्या बाजूने

२०१० नंतर ब्रिटनच्या केंद्र सरकारने पालिकांच्या अनुदानात मोठी कपात सुरू केली. बर्मिंगहॅमसारख्या शहरांना ती जास्त लागली, कारण त्यांचं उत्पन्न स्थानिक करापेक्षा अनुदानावर अधिक टेकलेलं होतं. कर वाढवून भर काढावी तर केंद्राने मर्यादा घातलेली, तिच्यापलीकडे जायचं तर सार्वमत घ्यावं लागतं. तुटीचं अंदाजपत्रक मांडायला कायद्याने बंदी. दुसऱ्या बाजूला वृद्धांची सेवा, निराधार आणि धोक्यात असलेल्या मुलांचं संगोपन, बेघरांची सोय ही बंधनकारक कामं, आणि त्यांची मागणी दरवर्षी वाढती.

या परिस्थितीत मोझली रोडचा तलाव २०१५ मध्ये कायमचा बंद करायची योजना पालिकेने आखली. पालिकेच्या बाजूने मांडता येतो तो युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नव्हता, म्हणून तो नीट सांगतो.

एक तर ही इमारत फार जुनी. तिच्यात ओतलेल्या प्रत्येक पौंडातला मोठा हिस्सा पोहण्यावर खर्चच होत नाही, विटा आणि लोखंड सांभाळण्यात जातो. तेवढ्या पैशात नव्या तलावात किती तरी जास्त माणसं पोहतील. आणि नवा तलाव होणारच होता: जवळच्याच स्पार्कहिल भागात, जुना तलाव पाडून त्या जागी नवं केंद्र. अपंगांना सहज जाता येईल असं, कमी विजेत चालणारं, व्यायामशाळेसह. शिवाय, ज्या शहरात म्हाताऱ्या माणसाला घरी येऊन अंघोळ घालणाऱ्या सेविकेचे तास कापावे लागतात, त्या शहराने तोट्यातला तलाव का चालवावा, हा प्रश्न आहेच. तो विचारणाऱ्या माणसाला निर्दय म्हणणं सोपं आहे. पण आयुक्तांच्या किंवा खजिनदाराच्या खुर्चीत बसलेल्याला तो टाळता येत नाही.

मला यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात जड वाटतो, आणि सगळ्यात अपुराही. तलावाचा तोटा आणि वृद्धसेवेचा खर्च एकाच तराजूत घालताना आपण धरून चालतो की तलाव हा फक्त खर्च आहे. पाण्यात व्यायाम करणारी गुडघेदुखीची बाई, आठवड्यातून तीनदा घराबाहेर पडणारा एकटा म्हातारा, पोहायला शिकलेलं मूल, यांच्यामुळे जे टळतं ते पालिकेच्या वहीत कुठेच लिहिलं जात नाही. त्यातला बराचसा फायदा आरोग्यसेवेच्या वहीत जातो, आणि ती वही वेगळ्या खात्याची. हे बर्मिंगहॅमला ठाऊक नव्हतं असंही नाही. २००८ पासून शहराने आरोग्यखात्याच्या साथीने ‘बी अ‍ॅक्टिव्ह’ नावाची योजना चालवली होती, तिच्यात रहिवाशांना ठरावीक वेळी तलाव आणि व्यायामशाळा मोफत होत्या. म्हणजे तलाव आरोग्याचं काम करतो हे पालिकेनेच एकदा पैसे मोजून मान्य केलं होतं. अंदाजपत्रकाच्या तंगीत ती समज टिकली नाही.

आणि ‘जवळच’ हा शब्द. नकाशावर स्पार्कहिल जवळ आहे. दोन लहान मुलं, एक बाळगाडी आणि ओले केस घेऊन हिवाळ्याच्या संध्याकाळी बसची वाट पाहणाऱ्या आईला विचारलं तर अंतर निराळं भरेल. बॉलसल हीथमध्ये स्थलांतरित मुस्लिम कुटुंबांची मोठी वस्ती आहे. अशा वस्तीत फक्त बायकांसाठी राखलेल्या वेळा हा पोहायला जाता येणं आणि न येणं यांतला फरक असतो. मोठ्या केंद्रात काचेच्या भिंती असतात आणि वेळापत्रक भरगच्च असतं. लहान, बंदिस्त, ओळखीच्या माणसांच्या तलावात जो मोकळेपणा मिळतो तो चौरस मीटरांत मोजता येत नाही.

बोलायचं कुठे?

बर्मिंगहॅम सिटी कौन्सिलमध्ये २०१८ पर्यंत १२० नगरसेवक होते, नंतर १०१ झाले. एवढं मोठं सभागृह असूनही बहुतेक निर्णय तिथे होत नाहीत. इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्यानंतर बहुतेक पालिकांत नेता आणि त्याचं छोटं मंत्रिमंडळ कारभार पाहतं, बाकीच्या नगरसेवकांनी छाननी समित्यांत बसून प्रश्न विचारायचे. पूर्ण सभागृह अंदाजपत्रकाला मंजुरी देतं, पण तेव्हा आकडे एवढे गुंफलेले असतात की एक तलाव वेगळा काढून त्यावर मत देणं जवळजवळ अशक्य होतं. एक धागा ओढला की दुसरीकडे भोक पडतं, आणि ते कुठे पाडायचं हे ज्याने धागा ओढला त्याने सांगायचं.

मग लोक काय करतात? अर्ज देतात, सह्या गोळा करतात, हरकती नोंदवतात. बॉलसल हीथच्या लोकांनी ते सगळं केलं. शिवाय त्यांनी लोकांच्या डोळ्यांसमोर प्रश्न उभा करण्याचे मार्ग शोधले. एका छायाचित्रकाराच्या प्रकल्पासाठी पोहणारी माणसं पोहण्याच्या कपड्यांत, कोरड्या पडलेल्या मोठ्या तलावाच्या तळाशी रांगांनी उभी राहिली. चीनमधल्या मातीच्या सैनिकांसारखी, स्तब्ध. म्हातारी, तरुण, जाड, बारीक, सगळ्या रंगांची. हा तलाव कुणाचा, या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मी पाहिलेलं नाही.

ग्लासगोच्या गोव्हनहिलमध्ये २००१ साली याच प्रश्नावर लोकांनी बंद केलेल्या स्नानगृहाचा ताबा घेतला होता आणि महिनोन्‌महिने आत मुक्काम ठोकला होता. शेवटी पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. मोझली रोडच्या लोकांनी वेगळी वाट धरली. ते पालिकेशी भांडले आणि त्याच वेळी पालिकेशी बोलतही राहिले. हे बोलत राहणं बाहेरून मिळमिळीत दिसतं, आणि चळवळीतल्या काहींना ते खुपतंही. मला वाटतं, पुढे जे जमलं ते याच सवयीने.

२०१६ च्या यादीत वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या जगभरच्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने धोक्यातल्या जागतिक वारशांमध्ये मोझली रोडचा समावेश केला. एका कामगारवस्तीतल्या तलावाचं नाव जगभरच्या मंदिरं-किल्ल्यांच्या रांगेत बसलं. पैसा त्याने लगेच आला नाही, पण टेबलाभोवतीची माणसं बदलली. हिस्टॉरिक इंग्लंड आणि नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्था चर्चेला बसल्या. आता पालिकेसमोर फक्त चिडलेले रहिवासी नव्हते. २०१५ ची मुदत पुढे गेली होती. स्पार्कहिलचं नवं केंद्र २०१७ मध्ये उघडलं, तेव्हा खरं तर मोझली रोडची घंटा वाजायची. तोपर्यंत दुसरा प्रस्ताव तयार होता: पालिकेने चालवणं थांबवावं, आम्ही चालवतो.

एप्रिल २०१८ पासून लहान तलाव लोकांनी उभ्या केलेल्या धर्मादाय संस्थेकडे आला. इमारतीची मालकी पालिकेकडेच राहिली.

लोकांनी चालवलेला तलाव

याचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. तलाव चालवणं म्हणजे रोज ठरावीक वेळांना पाण्यातला क्लोरीन आणि आम्लता तपासून नोंद करणं, बॉयलर कुरकुरला की माणूस शोधणं, जीवरक्षकांचं प्रशिक्षण, विमा, पाळ्या, सुट्ट्या, रविवारी सकाळी अचानक आजारी पडलेल्याच्या जागी कोण. ज्यांनी आयुष्यभर तिकीट काढून फक्त पोहण्याचं काम केलं त्यांनी हे अंगावर घेतलं. लीड्समधल्या १९०४ च्या ब्रॅम्ली बाथ्सचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं. तिथे २०१३ पासून स्थानिक लोकांची संस्था तलाव चालवते आहे. म्हणजे हे अशक्य नाही, एवढं तरी ठाऊक होतं.

तरी दोन गोष्टी बोलायलाच हव्यात.

बॉलसल हीथ गरीब आहे, पण त्याच्या शेजारचं मोझली हे शिकल्यासवरलेल्या, खात्यापित्या लोकांचं उपनगर आहे. दोन्हीकडची माणसं या तलावावर येत. अशा लढ्यात कागद वाचणारे, अर्ज लिहिणारे, हिशेब समजणारे, संस्थांच्या दारात जाऊन बोलू शकणारे लोक लागतात. ते इथे होते. इमारतही अशी होती की जगाने दखल घ्यावी. १९७० च्या दशकातला, पत्र्याच्या छताचा, कुठल्याही यादीत नसलेला तलाव, ज्याच्या शेजारी मोझली नाही, त्याचं काय? असे कितीतरी तलाव याच काळात निमूटपणे मिटले. त्यांच्या तळाशी उभं राहून कुणी छायाचित्र काढलं नाही. मोझली रोडचं यश सगळ्यांनी गिरवावं असा धडा म्हणून मांडलं जातं तेव्हा मला हे तलाव आठवतात आणि अस्वस्थ वाटतं.

दुसरं म्हणजे जबाबदारी. नगरसेवकाला आपण मत देऊन बदलू शकतो. संस्थेच्या विश्वस्तांना तसं बदलता येत नाही, आणि त्यांनी दमून सोडून दिलं तर दोष कुणाला द्यायचा? पालिकेची वही मात्र हलकी झालेली असते. १८९१ चं वचन पालिकेने दिलेलं होतं. ते २०१८ मध्ये ज्यांना दिलं होतं त्यांच्याच नातवंडा-पतवंडांच्या आणि मागून आलेल्या शेजाऱ्यांच्या खांद्यावर आलं.

२०२३

इथवर हकिगत थांबली असती तर ‘बंधनकारक वाचलं, ऐच्छिक लोकांवर सोडलं’ एवढंच म्हणता आलं असतं. पण ५ सप्टेंबर २०२३ ला बर्मिंगहॅम पालिकेने १९८८ च्या स्थानिक वित्त कायद्याच्या ११४ व्या कलमाखाली नोटीस काढली. सोप्या भाषेत, नव्या खर्चाला पैसे नाहीत, बंधनकारक सेवा सोडून सगळं थांबवा.

कारणं एका दिवसातली नव्हती. पालिकेतल्या स्वयंपाकिणी, सफाई करणाऱ्या, सेविका अशा बायकांना वर्षानुवर्षं तोलामोलाचं काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा कमी मिळत होतं, कारण पुरुषांच्या कामांना बोनस होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोकरी सोडलेल्या कामगारांनाही दिवाणी न्यायालयात दावे लावता येतील असा निकाल दिला. ते देणं भागवण्यासाठी पालिकेने २०१५ मध्ये आपली प्रदर्शनं आणि करमणुकीची मोठी सभागृहं, म्हणजे एनईसी समूह, ३० कोटी ७० लाख पौंडांना विकून टाकला. तरीही २०२३ मध्ये समान वेतनाच्या दाव्यांचं देणं ६५ ते ७६ कोटी पौंड असेल असा अंदाज पालिकेनेच जाहीर केला. त्यात नव्या संगणक प्रणालीचा खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट वाढलेला. बायकांचा हक्क तलावांवर आणि वाचनालयांवर उठला, असं कुणी म्हणू नये. हक्काचे पैसे वेळेवर दिले असते तर ते साठले नसते. छताच्या गळतीचं जे झालं तेच इथे पगारांचं झालं.

पालिकेच्या कारभारावर देखरेख करायला केंद्राने आयुक्त नेमले. मार्च २०२४ च्या अंदाजपत्रकात दोन वर्षांत सुमारे ३० कोटी पौंडांची कपात आली, आणि स्थानिक कर जवळजवळ १० टक्क्यांनी वाढला. आणि आता कात्री वाचनालयांवर आली. शहरातल्या ३५ वस्ती-वाचनालयांपैकी मोठ्या संख्येने बंद करण्याचे किंवा त्यांचे तास घटवण्याचे पर्याय लोकांसमोर ठेवले गेले. कायद्यात ‘व्यापक आणि कार्यक्षम सेवा’ लिहिलंय, पण कोणती इमारत, किती तास, हे लिहिलेलं नाही. २००९ मध्ये लिव्हरपूलजवळच्या ‘विरल’ भागाच्या पालिकेने निम्म्याच्या आसपास वाचनालयं बंद करायला घेतली तेव्हा चौकशीत तिने कायदा मोडल्याचं निष्पन्न झालं आणि योजना मागे घ्यावी लागली. म्हणजे कायद्याला दात आहेत. ते नेहमी वापरले जात नाहीत, एवढंच.

बर्मिंगहॅमला याचा अनुभव आधीच आला होता. शहराच्या मध्यभागी सुमारे १८ कोटी ९० लाख पौंड खर्चून नवं भव्य वाचनालय २०१३ मध्ये उघडलं. मलाला युसुफझाईच्या हस्ते उद्घाटन झालं. दोन वर्षांच्या आत त्याचे आठवड्याचे ७३ तास ४० वर आणावे लागले. बांधायला कर्ज मिळालं, दरवाजा उघडा ठेवायला पगार मिळाला नाही. भांडवली खर्चाची फीत कापता येते, महसुली खर्चाची नाही, आणि सभागृहातली भाषणं फितीपाशीच होतात.

म्हणून मोझली रोडच्या प्रकरणातून एकच मागणी मी पुढे करेन. दर सार्वजनिक इमारतीची शिल्लक राहिलेली दुरुस्ती, तिचा खर्च आणि ती न केल्यास किती वर्षांत कुलूप लागेल, ही यादी अंदाजपत्रकाच्या आधी दरवर्षी सभागृहात मांडली जावी, आणि ती पुढे ढकलायची असेल तर इमारतीचं नाव घेऊन, हात वर करून ढकलावी. मग वाद छत गळायला लागेल तेव्हा होईल, कोसळायच्या बेताला आल्यावर नव्हे. १९९० च्या दशकात असं एखादं नाव वाचलं गेलं असतं तर मोठ्या तलावात कदाचित आजही पाणी असतं.

नोटीस निघण्याच्या आधीच मोझली रोडच्या तलावासाठी आणि शेजारच्या वाचनालयासाठी मिळून केंद्र सरकारच्या ‘लेव्हलिंग अप’ या, मागे पडलेल्या भागांसाठीच्या निधीतून १ कोटी ५५ लाख पौंड मंजूर झालेले होते. हा निधी ठरल्या कामासाठी राखलेला, त्यामुळे पालिकेला दुसरं भोक बुजवायला तो वळवता येत नाही. त्यातून छप्पर, भिंती, यंत्रणा होईल. दोन्ही इमारती आता एका योजनेत आहेत, १८९१ मध्ये होत्या तशा. पाणी गरम ठेवण्याचं बिल मात्र त्या निधीत बसत नाही. ते दर महिन्याला येणार, आणि तिकीटखिडकीवर जमलेल्या पैशांतूनच भरावं लागणार.